ओळखलं का

राळेगाव रोडवरच्या जिनिंगात
एकवीस वर्षं काट्यावर होतो.
भरलेली गाडी मोजायची, मग रिकामी.
वजाबाकी म्हणजे कापूस.
माझ्या पावतीवर कधी कुणी बोट ठेवलं नाही.
म्हणून साहेबांनी विचारलं तेव्हा
मी छाती काढून सांगितलं, पाहिलंय मी.

पाहिलं होतंच.
जानेवारी, साडेसात वाजलेले, लाईन गेलेली,
गल्ल्याच्या टेबलावर एकच बॅटरीचा दिवा
आणि माझ्या बरगडीपासून वीतभर एक सुरा.
तो आजही काढून देतो कागदावर:
मुठीला सायकलच्या ट्यूबची लाल पट्टी, तीन वेढे,
पात्याच्या टोकाशी तांदळाएवढा गंज.
वर चेहरा होता.
असणारच. सुरा काही एकटा चालत आला नव्हता.

सकाळी पानठेल्यावर तो चेहरा तयार झाला.
गजू हमाल म्हणाला, दाढी होती.
दिवाणजी म्हणाले, चांगला उंच.
पेपरात आलं, सावळा, वय तिशीच्या आसपास.
मी सगळं ऐकलं, घरी आलो, आंघोळ केली
आणि मग मलाच आठवलं.

यवतमाळच्या जेलात आठ जण उभे.
आठांच्या खांद्यावर एकसारखी कांबळी.
नायब तहसीलदार म्हणाले, घाई नको, नीट पाहा.
पाहिलं.
हा नाही. हा बुटका. हे तर लेकरूच आहे.
पाचवा
उरलेल्या सातांपेक्षा बरा बसत होता.
बोट गेलं.

बाहेर इंगोले हवालदारानं चहा सांगितला.
"जमलं भाऊ. आमच्या मनातबी तोच होता."
कप रिकामा होईस्तोवर
सुऱ्याच्या वर पाचव्याचं तोंड बसलं,
गाठीवर लोखंडी पट्टी आवळावी तसं.

कोर्टात वकील म्हणाला, शंभर टक्के?
म्हटलं, शंभर.
खोटं नव्हतो बोलत हो.
तोवर मला तोच दिसत होता, झोपेतसुद्धा.

गंगाधर टेकाम. सव्वादोन वर्षं आत.
मग वर्ध्याकडे भलत्याच गुन्ह्यात
भलताच माणूस सापडला, त्याच्या घरात सुरा.
लाल पट्टी, तीन वेढे.
सुरा मी ओळखला.
तेवढा बरोबर निघाला.

मागच्या महिन्यात अमरावतीहून
रोशनी ढाकुलकर नावाची पोरगी आली.
तिचं यावरच शिक्षण सुरू आहे म्हणे.
ग्रामपंचायतीत आम्हा दहा-बारा जणांना
लॅपटॉपवर इवलीशी फिल्म दाखवली:
बसस्टँड, बाईची पिशवी, पळणारा एक जण.
मग वीस मिनिटं तुरीचे भाव विचारत बसली.
मग एकेकाला बोलावून सहा फोटो मांडले,
म्हणाली, "काका, यात तो असेल. नसेलही."

नसेलही.
किती सहज म्हणाली,
भाजीत मीठ कमी असेल, तसं.
माझं बोट अधांतरी राहिलं.
त्या दिवशी यवतमाळला
भरलेली गाडी मोजली होती.
रिकामी कुणी मोजलीच नाही.

तिला हे बोललो नाही.
तिच्या कागदावर त्याचा रकाना नव्हता.

काल बाजारात
डिंक घेऊन बसलेला एक जण म्हणाला,
"काटेबाबू, ओळखलं का?"
अर्धे केस पांढरे, एक दात नाही.
असे शंभर लोक विचारतात मला. गाडीवाले, त्यांची पोरं.
मी नेहमीसारखं म्हटलं,
"हो ना बाप्पा, ओळखलं नाही तं काय!"

तो बघत राहिला. बराच वेळ.
मागं कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता.
"नाई ओळखलं," म्हणाला,
"पाच नंबर."

पाय हलेनात. तोंडातून निघालं, पावशेर दे.
त्यानं जोखून दिला.
आधी रिकामा तराजू वर धरून दाखवला,
मी न सांगता.