तिरुपती नाही, अशोक चौक

यल्लप्पानं वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला,
मानेभोवती आमच्याच कारखान्याचा टॉवेल खोचला
(काठाची शिवण वाकडी, मीच कधीतरी बाद केलेला)
आणि आरशातनं विचारलं, "तिरुपती?"
"नाही," म्हटलं, "अशोक चौक."
तो हसला नाही.
पाणी तेवढं कोमट करून आणलं.

दोन वर्षं मी एक चाई सांभाळली.
आधी आठ आण्याएवढी, मग पापडाएवढी.
भांग इकडचा तिकडे, अकरा पिना,
फोटोत डाव्या कडेला उभं राहायचं नाही,
स्कूटरवर मागं बसायचं नाही,
पंख्याखाली तर नाहीच.
सोलापुरात, मे महिन्यात, पंखा चुकवून बसणारी बाई
काय सोसते, ते तिच्या घामोळ्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर
बालामणी अक्कानं हातातलं विड्यांचं सूप खाली ठेवलं,
दोन्ही हात जोडले.
"गोविंदा! लाडू कुठाय?"
नाही म्हणेपर्यंत तिनं माझ्या डोक्याला हात लावून
स्वतःच्या कपाळाला लावूनही घेतला.
त्या गल्लीत माझं डोकं म्हणजे
फिटलेला नवस.

बस सात रस्त्याला पोचेस्तोवर
तेच डोकं आजारी पडलं.
कॉलेजातला एक पोरगा ताडकन उठला,
"बसा काकू,"
दवाखान्यात बोलतात त्या आवाजात.
एकतीस वर्षांची आहे बे मी.
पण बसले.
पाय दुखत होते.

शुक्रवार पेठेत मोठ्या काकूंनी दाराआड ओढलं.
"अगं, विद्याधर चांगला धडधाकट असताना..."
पुढचा शब्द ओठांवर आला
आणि त्यांनी तो चटणीच्या ठसक्यासारखा गिळला.
मला माहीत आहे तो शब्द.
त्यांच्या थोरल्या आत्याला नावासारखा चिकटला होता.
तिच्यासाठी न्हावी मागच्या दारानं यायचा,
तिला न विचारता.
मी पुढच्या दारानं गेले काकू,
ऐंशी रुपये मोजून दिले,
हे मी म्हणाले नाही.
चहा प्यायले. साखर जास्त होती.

कारखान्यात त्या आठवड्यात
परदेशी जाणाऱ्या गठ्ठ्यात एक लांब केस सापडला.
सुपरवायझर चिमट्यात तो धरून
टोप्या घातलेल्या बावीस बायकांसमोरून फिरला,
एकेकीचा रंग जुळवत.
माझ्यापाशी थांबला.
"तुम्ही जावा," म्हणाला.
अख्ख्या खात्यात एकटी मी निर्दोष!
पद्मावती एवढी हसली
की तिला शिलाई थांबवावी लागली.
मीही हसले, पंख्याच्या बरोब्बर खाली उभी राहून.

रोज अशी नसते मी.
भिशीच्या दिवशी ओढणी घेतलीच,
नणंदेच्या साखरपुड्यात तर भाड्याचा टोप,
ज्यातनं घाम कानामागं उतरायचा
आणि सगळ्या म्हणायच्या, किती छान दिसतेस.
घरी येऊन काढला तेव्हा
आरशातली बाई मला
ओळखीची वाटली.
सुंदर म्हणत नाही मी. ओळखीची.

रात्री विद्याधरचा हात उशीवर अडखळला.
दहा वर्षांच्या सवयीनं तो वेणी शोधत होता.
बराच वेळ हवेतच राहिला,
मी श्वास धरून पडलेली.
मग बोटं कानामागं, वर,
जरा भीत भीत.
"इथं तीळ आहे तुला. माहीत नव्हतं मला."
"मलाही," म्हटलं.

महिन्यानं खुंट उगवले,
मधोमध पापड तसाच कोरा.
परत गेले.
यल्लप्पानं या वेळी काही विचारलं नाही.
तोच टॉवेल, तीच वाकडी शिवण,
धुऊन धुऊन मऊ पडलेला.
मी सवयीनं काठ चाचपला,
आणि सोडून दिला.
"पाणी गारच घ्या," म्हटलं.
"बाहेर त्रेचाळीस आहे."