कोणती बोट

नऊ दिवसांत सात बेटं?
बसा. आधी पाणी प्या.
यादी इकडे द्या, मी पेन्सिलीनं खुणा करते.
जुलैत मी पेन वापरत नाही.

दुकान माझ्या मामाचं, थिओफानिसचं.
बत्तीस वर्षं याच काचेमागून
नाक्सोसचा धक्का बघतेय.
बोट कुठली ते धुराड्याच्या रंगावरून कळतं,
आणि कोण कुणावर रागावून उतरलंय
ते बॅगेच्या चाकांच्या आवाजावरून.

ही लाल कंपनी. वेगवान.
आत थंडगार हवा, गुबगुबीत खुर्च्या,
चेहरे विमानातले.
दारं उघडत नाहीत. काचांवर मिठाचा थर,
मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला दिसेल
तेवढाच समुद्र.
तिकीट दुप्पट. माझं कमिशनही दुप्पट,
आधीच सांगून टाकते.
वारा सातावर गेला की ती दावणीला बांधलेली
आणि त्यांचा फोन कुणी उचलत नाही.

ही निळी. मोठी, पोटात ट्रक घेणारी.
पाऊण तास उशिरा येते, पण रोज, नेमानं.
रद्द झाली तर पैसे परत देते,
सहा आठवड्यांनी का होईना.

आणि ही तिसरी, छापील वेळापत्रकात शेवटच्या पानावर.
कंपनीकडे बोट एकच: परास्केवी.
इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी, डोनुसा,
एकेका बेटाच्या दारात थांबत जाते,
दूधवाल्यासारखी.
तिच्यात पाव असतो, सिमेंट असतं,
शाळेवर बदलून आलेली बाई,
महिन्यातून एकदा दातांचा डॉक्टर.
एकदा आरशाचं कपाट चाललं होतं,
सगळे खलाशी वाटभर भांग पाडत होते.

नाही हो, भलामण नाही करत.
तिच्यावर मी दोनदा ओकलेय.

मी एकवीस वर्षांची. डोनुसाला
मावसबहिणीचं, मर्सिनीचं लग्न.
दुपारी निघालो, वारा आठावर गेला.
कप्तानानं स्खिनुसाच्या आडोशाला नांगर टाकला
आणि झोपून गेला.
रात्रभर मी नव्या चपला मांडीवर घेऊन बसले,
वरातीमागून घोडं, दुसरं काय.
पहाटे डोळे चोळून बघते तर
समोरच्या बाकावर पाद्री.
त्याच्या पलीकडे वाजंत्री, व्हायोलिन पोटाशी धरून.
खाली ट्रकच्या सावलीत, कापायचे होते ते
चारही मेंढे, जिवंत.
मग उशीर कुणाला झाला सांगा!
डोनुसाच्या धक्क्यावर अख्खं बेट उभं होतं,
नवरी सगळ्यात पुढे,
केसांतली फुलं कालची.

असो.
वारा आज चार. उद्या सहा म्हणतात,
म्हणणारे चुकतात.

तुम्ही लाल घेतलीत. हरकत नाही.
सात तिकिटं छापून दिली,
वर माझा नंबर लिहिला. पेन्सिलीनंच.
उन्हात तुम्ही यादी चार घड्या घालून
खिशात ठेवलीत, मी काचेतून बघत होते.

पाच मिनिटांनी तुमची बायको परत आली, एकटी.
टोपी विसरले म्हणाली.
टोपी तिच्या हातात होती.
"तो पाद्री रात्रभर काय करत होता?"

पत्ते खेळला, म्हटलं. खलाशांशी.
अकराशे द्राख्मा हरला,
आणि सकाळच्या दक्षिणेतून
तिथल्या तिथे, धक्क्यावरच, फेडले.

ती हसली. मग वेळापत्रकाच्या शेवटच्या पानावर
बोट ठेवून
थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मी पंखा तिच्याकडे वळवला.