निरंक

केय्योनच्या धक्क्यावर, कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल. खिडकीतून पिंजरे दिसतात,
काळ्या पाण्यात गोल गोल, चोवीस.
त्यांच्यापलीकडे धुकं, आणि धुक्यात कुठेतरी
चिलोए बेट संपतं.

मी मापं ठेवते.
सामन किती टन, दाणा किती टन,
किलोभर मांसामागे किती किलो दाणा,
टनामागे किती ग्रॅम औषध.
मेलेले मासे किती,
जाळं फाडून पळालेले किती.
हो, पळालेल्यांनाही रकाना आहे.

मानकाचं तिसरं प्रकरण म्हणतं:
आधी संस्थेची हद्द आखा.
तशी आखली आम्ही. पिंजरे आत, बोटी आत,
गोदाम, बर्फाचं यंत्र, मी, माझा हीटर, आत.
पाणबुडे कंत्राटदाराचे. ते बाहेर.
खरं तर ते आमच्याच जाळ्याखाली, वीस मीटरवर,
मेलेले मासे पिशवीत भरत असतात.
पण हद्द पाण्यावर आखलेली नसते,
ती पगारपत्रकावर असते.

म्हणून जूनच्या रकान्यात
जीवघेणे अपघात: निरंक.
हे खोटं नाही.
मी दोनदा तपासलं.

ऑगस्टमध्ये टोरुन आली, ट्रोंडहाइमहून,
अहवालाला खात्रीचा शिक्का द्यायला.
सरळ बाई. लोकरी मोजे घालून फायलींत बसली तीन दिवस,
आमच्या कॉफीला नावं ठेवली नाहीत.
तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं बोट थांबलं:
जूनमध्ये डिझेल जास्त का?
एकट्या 'कार्मेला' बोटीनं
तीनशे चाळीस लिटर जादा जाळलंय.

बोट आमची. बोट हद्दीत.
मापात पाप नको म्हणून मीच ते भरलं होतं,
पावतीसह, तीनशे चाळीस गुणिले दोन पूर्णांक अडुसष्ट,
नऊशे अकरा किलो कार्बन.
दशांश मी सोडून दिला होता.

स्पष्टीकरणाच्या चौकटीत अडीचशे अक्षरं बसतात.
मी लिहिलं: शोध. ९ ते १२ जून.

कशाचा, तिनं विचारलं.

एलिसेओ नाहुएल्किन. वय एकतीस.
हवेची नळी कॉम्प्रेसरपाशी सुटली.
लाटा होत्या. वरचा पोरगा नवा होता.
त्याच्या बायकोची बेकरी आहे, चर्चमागे,
त्या चार दिवसांत तिनं ती उघडीच ठेवली,
कारण बोटीवरच्यांना पाव लागणार.

टोरुननं चष्मा काढला.
सापडला?

नाही.

ती बराच वेळ पिंजऱ्यांकडे बघत राहिली.
मला वाटलं, आता काहीतरी होईल.
पाण्यात राहून माशाशी वैर नको
असं स्वतःला बजावत मी दहा वर्षं काढली,
आणि आता कुणीतरी दुसऱ्या पाण्यातलं आलंय.
तिनं वहीत ओळभर काही लिहिलं, ते मला दिसलं नाही.
मग चष्मा लावला. म्हणाली, वापराचं कारण पटतं.
ओळ हिरवी झाली.
पुढचा प्रश्न प्लास्टिकच्या पट्ट्यांचा होता.

ती गेल्यावर महिन्याचं पाणी मोजायला
मी खाडीत गेले.
एक तबकडी असते, काळी-पांढरी, दोरीला बांधलेली.
ती सोडत जायची, सोडत जायची,
दिसेनाशी झाली की दोरीवर खूण.
मग हळूहळू वर ओढायची,
पुन्हा दिसली की दुसरी खूण.
दोन्ही खुणांची सरासरी,
ती पाण्याची पारदर्शकता. साडेसहा मीटर आली त्या दिवशी.
गेल्या वर्षीपेक्षा बरी.

दोरी गुंडाळताना बोटं बधिर झाली होती.
सतराव्या पिंजऱ्यापाशी मी पुन्हा एकदा सोडली,
अहवालासाठी नव्हे.
गेली. खूण केली.
वर ओढायचा हात
काही केल्या चालेना.
एका खुणेची सरासरी काढत नाहीत.