पाचर

मकाएच्या या खोलीत समुद्र नाही.
तो तीन मजले खाली, रस्त्यापलीकडे,
खराखुरा, डिझेल आणि मासळीचा वास येणारा.
त्याच्याकडे पाठ करून मी बसतो
एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेमागे
आणि संकटं पाठवतो.

एक बोट पुरतं :
कॉम्प्रेसर बंद. सेपरेटरची पातळी वर.
किंवा डावीकडच्या चार नंबर टाकीचा व्हॉल्व्ह
‘मिटलो’ म्हणतो आणि मिटत नाही.
हा खोटारडा व्हॉल्व्ह माझा आवडता आहे असं पोरं म्हणतात.
आवडता नाही.
ओळखीचा आहे.

मंगळवारी बॅलास्टच्या पडद्यांपुढे ज्यांदीरा बसली.
ओतासिलियोची मुलगी. बाप अजून होडी काढतो,
जाळ्यात काही येवो न येवो.
मी व्हॉल्व्ह सोडला.
काटा सरकला. अर्धा अंश. दीड. दोन.
अलार्म वाजला, तिनं गप्प केला.
दुसरा वाजला, तोही,
झोपेत पोराला थोपटावं तसा, न बघता.
साडेचार अंशांवर मी माईक उघडला :
काय चाललंय?
सेन्सर बिघडलाय, म्हणाली.
कशावरून?
तिनं बोट दाखवलं
पेल्यातल्या कॉफीकडे.
कॉफी सपाट होती,
वारा पडलेल्या खाडीसारखी.

नऊ मिनिटांनी आम्ही बुडालो,
एकशे साठ माणसं, कागदावर.
दिवे लागले. मागे कुणीतरी हसलं.
मी रागावलो नाही. रागावणार कशावर?
आकडा काही का म्हणेना, पाणी बघ,
हे तिला चालता येण्याआधी शिकवलेलं,
आणि खोलीतलं तेवढंच पाणी
तिच्याशी खोटं बोललं होतं.

संध्याकाळी गेलो दुरवालकडे, होड्या दुरुस्त करतो तो.
म्हटलं, दोन पाचरी काढून दे.
केवढ्या?
टेबल चार अंश कलेल एवढ्या.
कशाला?
कॉफीसाठी.
त्यानं पेन्सिल कानामागे खोचली आणि
पुढे काही विचारलं नाही. पैसेही घेतले नाहीत.
या खोलीवर कंपनीने कोट्यवधी घातलेत.

बुधवारी कॉफी डाव्या काठाला टेकून उभी.
ज्यांदीरानं वाकून टेबलाखाली पाहिलं,
मग काचेकडे, जिथे तिला फक्त स्वतःच दिसते,
आणि पेला उचलून पिऊन टाकला.
साक्षीदार संपला.
काटा सरकला. अलार्म वाजला.
या वेळी तिनं तो वाजू दिला.
एकेक टाकी वाचत गेली, ओठ हलवत,
चार नंबरवर थांबली. हिरवा दिवा. ‘मिटलो.’
तिनं रेडिओ उचलला :
जा, हाताने बघ.

बावीस वर्षांपूर्वी, एका पहाटेच्या पाळीत,
हेच तीन शब्द मी म्हणालो नव्हतो.
जहाज बुडालं नाही.
पंपाच्या खोलीत फक्त वाल्देमिरो होता.
काचेमागे बरं असतं,
तोंड पुसायला वेळ मिळतो.

मार्चमध्ये ती हेलिकॉप्टरनं गेली.
पहिल्या आठवड्यात निरोप आला :
सर, इथे कॉफी कधीच सपाट नसते.
मग काय बघू?

मी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं.
पाचरी अजून टेबलाखाली आहेत.
नवी तुकडी कुरकुरते,
पेन घरंगळतात म्हणून.