मानस

चौथीपर्यंत पाण्याची वाफ व्हायची.
पाचवीत तिचं इव्हॅपोरेशन झालं,
मुळाचं रूट, पानाचं लीफ,
आणि आम्ही चोडणची सतरा पोरं
महिनाभर गप्प.

सातवीत ॲनाक्लेता मिस दर शुक्रवारी
फळ्यावर तीन रकाने आखायच्या:
शब्द, अर्थ, वाक्य.
फेरीबोटीतून उतरताना चपलांना चिखल लागलेला असे,
खडू मात्र कधी मोडला नाही त्यांचा.
टिश्यू. सेल. आर्टरी.
मग व्हॉल्व्ह. दोन व्ही, शेवटी ई,
वाजत नाही पण लिहायची.
मी ती दर वेळी विसरायची.
अर्धा मार्क जायचा.

अर्थ: एकाच दिशेनं वाहू देणारी झडप.
झडप म्हणजे काय, बेनितानं विचारलं.
मला फक्त घारीची ठाऊक होती,
कोंबडीच्या पिल्लावरची.
मिसनी हृदय काढलं, चार खोल्यांचं,
भाड्यानं द्यायच्या घरासारखं,
दारादारात बाण.
मी उठून म्हटलं, मिस, ही तर मानस!

वर्ग हसला.
मराठीच्या सरांकडे मानस म्हणजे मन.
आमच्याकडे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
भरतीला खाडीच्याच रेट्यानं मिटतं,
सुकतीला शेतातलं पाणी ते आतून ढकलून उघडतं.
कुणाला हात लावावा लागत नाही.
रात्री तिथं सगुणकाका जाळं लावून बसतो.
शेवटे, सुंगटं, कधी नुसतंच शेवाळ.
हे वाक्याच्या रकान्यात लिही, मिस म्हणाल्या.
लिहिलं. ई विसरले.

जानेवारीत काकाला बांध चढताना दम लागू लागला.
बांबोळीला एका कोवळ्या डॉक्टरनं
पडद्यावर बोट ठेवलं,
व्हॉल्व्ह लीक आहे म्हणाला,
परत एकदा म्हणाला, मोठ्यानं,
जणू काका बहिरा.
काका माझ्याकडे बघायला लागला.
मानस गळते रे काका, मी म्हटलं.
छातीतली.

काका पुढे वाकला.
काळ्यापांढऱ्यात काहीतरी उघडमीट करत होतं.
बराच वेळ पाहिलं त्यानं,
पावसाळ्याआधी कवाडं तपासतो तसं,
मग विचारलं,
म्हणजे खारं पाणी शेतात शिरतंय?
आता डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला.

दुरुस्त करतात की नवी बसवतात, विचार.
नवी बसवली तर माट्टीचं लाकूड घाला म्हणावं,
खाऱ्यात तेच टिकतं.
एवढं सगळं मला इंग्रजीत येईना.
वुड, म्हटलं मी. गुड वुड.
डॉक्टरनं मान हलवली
आणि कागदावर भलतंच काही लिहिलं.

रायबंदरहून परतताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून
काका तो शब्द घोळवत होता,
व्हाल, वालव, वालवा,
मांडवीत थुंकून म्हणाला,
शब्द बरा आहे गो,
पण तोंडात नीट मिटत नाही.

सोमवारी चाचणी होती.
मी शेवटची ई लिहिली, न वाजणारी,
दोनदा गिरवली.
त्या नादात टिश्यूतला एक एस राहिला.