दिव्याचं बिल

परवान्यावर अजून नवऱ्याचं नाव आहे.
नवरा भिंतीवर, हार घातलेला, बाटल्यांच्या वरच्या फळीवर.
गल्ल्यावर मी.
कुंभारजुव्याच्या धक्क्यापासून चौथं दुकान.

वीस वर्षं मी पोरांच्या हाती क्वार्टर दिली.
"बाबांनी सांगितलंय" म्हणत यायची,
मुठीत घामेजलेली नोट.
मी बाटली कागदात गुंडाळायची,
वर लिमलेटची एक गोळी.
शहाणं पोर, बापाचं काम करतं.
गोळीचे पैसे मी कधी लावले नाहीत.

मग शिगम्यानंतरच्या एका पहाटे
खाजनातल्या मानशीच्या फळ्यांना साईश अडकलेला सापडला.
भरतीचं पाणी सोडायला गेलेल्या इनासला
आधी वाटलं, केळीचा गड्डा आहे.
छातीपर्यंत खारं पाणी, तोंडाला हुर्राकचा वास,
शाळेच्या शर्टावर दहावीच्या मुलांच्या सह्या,
शाई सगळी पसरलेली.
वाचला.

मांडवात सभा झाली. मी शेवटच्या खांबाला टेकून.
सरपंच बोलले, डॉक्टर बोलले,
कुणीतरी माझ्याकडे बघून खाकरलं.
रविवारी मुलांची फेरी निघाली.
'व्यसन सोडा'चा फलक धरलेल्या मुलीने
दुकानासमोर येताच सवयीने हात हलवला,
"शेवंतीमावशी!"
मीही हलवला. काय करणार?

दोन दिवसांनी साईशची आई आली, विजया.
भांडायला आली असेल म्हणून मी फळी अर्धी ओढली.
ती म्हणाली, पाणी दे.
प्याली. पेला पालथा घातला. म्हणाली,
"पहिली बाटली त्याने तुझ्याकडूनच नेली.
पाठवला होता मी."
बराच वेळ आम्ही दोघी
फ्रिजचा आवाज ऐकत बसलो.

त्या संध्याकाळपासून पोराच्या हाती बाटली नाही.
पाटीबिटी लावली नाही. नुसतं, "बापाला पाठव."
शेजारच्या दोघांनी ऐकलं. पुढचा एक ऐकेना,
तर बचतगटाच्या बायका रोज दिवेलागणीला
त्याच्या पायरीवर तिसऱ्या फोडत बसल्या.
अकराव्या दिवशी वासानेच तो कबूल झाला.

पण अंधार पडल्यावर पोरांनी जायचं कुठे?
रुझार, फेरीबोटीचं इंजिन चालवून निवृत्त झालेला,
म्हणाला, शाळेचं ग्राउंड आहे, शिट्टी माझ्याकडे आहे,
दिवा तेवढा हवा.
पंचायतीने खांब दिला. बिल कोण भरणार?
सगळे मांडवाच्या कौलांकडे बघू लागले.
मी म्हणाले, मी.
"दारूच्या पैशांचा उजेड?" मागून कुणीतरी.
रुझारने शिट्टी सदऱ्याला पुसली,
"बल्ब किती वॅटचा घ्यायचा?"

आता साडेसातला दिवा लागतो.
माझ्याकडे यायची वाट ग्राउंडाच्या कडेने.
बाप स्वतः येतात,
मान खाली, चपलांचा आवाज न करता,
पण एवढ्या उजेडात माणूस मावत नाही कुठे,
आणि गोलात उभा असतो
आपलाच मुलगा.

दोनदा कुणी दगडाने बल्ब फोडला.
कोण, ते विचारलं नाही.
मानशीपाशी अजून रिकाम्या बाटल्या लागतात.
माझ्या दुकानातल्या नाहीत, असं मी इनासला सांगते.
लेबल पाण्याने गेलेलं असतं.

काल विजयाचा नवरा आला, उल्हास,
एकाच पायात चप्पल.
"बॉल अंगावर आला. परत मारला,
तर चप्पलच गोलाकडे गेली."
"अडवली का कुणी?"
"साईशने. उडी मारून."
हे सांगताना तो काउंटरवर हात ठेवून
उडी कशी, ते दाखवत होता.
क्वार्टर मात्र घेतलीच.
मी कागदात गुंडाळली.

या महिन्याचं बिल सहाशे बारा.
गल्ल्यातून मोजून बाजूला ठेवते.
शेजारी बरणी. तिच्यात लिमलेटच्या गोळ्या
उन्हाळ्याने वितळून
एकमेकींना चिकटल्यात.