दुसरी बाजू, तिसरं गाणं

गॅरेजमध्ये, रंगाच्या वाळक्या डब्यांमागे
सापडली तुझी तबकडी, ल्यूशस.
टॉवेलात गुंडाळलेली, बाटली लपवावी तशी.
कव्हरवर हिरव्या झग्यातली बाई,
पुढच्या दोन दातांत फट,
आणि हसू असं, की आपल्या चर्चमध्ये
मागच्या बाकावरही कुणी सरकून जागा दिली नसती.

अठ्ठेचाळीस वर्षं या घरात
देवाच्या गाण्यांशिवाय काही वाजलं नाही.
डीकनच्या घरात सैतानाला खुर्ची नको,
तूच म्हणायचास.
माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात, बँड सुरू झाला तशी
मी गाडीत जाऊन बसले, काचा वर करून,
मेम्फिसच्या ऑगस्टमध्ये.

शेजारच्या डिमेट्रियसने यंत्र आणून दिलं,
सुई कशी टेकवायची ते दाखवलं,
आणि पोर शहाणं, बाहेर पायरीवर जाऊन बसलं.

आधी नुसती चरचर, कढत तेलात मासा सोडल्यागत.
मग ऑर्गन.
अगं बाई, हा तर आपलाच ऑर्गन!
तशाच धापा टाकणारा,
टाळ्याही तशाच, किंचित मागे रेंगाळणाऱ्या.
फक्त जिथे प्रभूचं नाव यायचं
तिथे कुणी एक माणूस, रात्री घरी न आलेला.
दोनदा माझ्या तोंडून आमेन निघून गेलं.

पहिली बाजू संपली.
भांडी घासायची होती, राहिली.

दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यापाशी
तबकडी करडी पडलीय, उंबरठ्यासारखी झिजून.
तळातून बेस चालू लागला, जड बुटांनी,
चार पावलं खाली, एक वर,
आणि माझ्या हातातलं फडकं थांबलं.

हे तर तुझं दाढी करतानाचं गुणगुणणं.
रोज सकाळी, बाथरूमचं दार अर्धं उघडं,
शब्द नाही, नुसता हा जाडा सूर,
आणि मधेच एक अडखळ.
मला वाटायचं, हनुवटीपाशी वस्तरा जपून फिरतोय.

तिथेच,
अगदी तिथेच,
चरा आला. सुई उडाली.
गाणं एक घास गिळून पुढच्या ओळीत पडलं.

कधी ऐकायचास रे?
बुधवारी मी प्रार्थनेला गेल्यावर?
कुणाच्या यंत्रावर?
आणि मला का नाही?
चरासुद्धा पाठ होता तुला, लबाडा.

डिमेट्रियस दारातून म्हणाला, मिस आर्डेला,
हीच नवी मिळते, स्वच्छ, न अडकणारी.
नको म्हटलं.

सुई उचलली, थरथरत्या हाताने मागे नेली.
खुर्ची ओढली.
मग दुसरीही.